खाली दुकान, वर बिऱ्हाड

धुळे, आग्रा रोडला लागून एक गल्ली. पहिलं शटर वर जातंय, आणि हा जो खडखडाट ऐकताय ना, वरच्या बिऱ्हाडांत त्याच्यावरच घड्याळ लावतात.

तीन मजली बिल्डिंग आहे. खाली गाळे, साड्या, भांडी, मोबाईल रिपेअरिंग, मधे वकिलांचं ऑफिस, टॅक्सवाले, एक विमा एजंट आणि सगळ्यात वर चार घरं. जिना एकच. कोर्टाच्या तारखेला शिरपूरहून आलेला पक्षकार आणि भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या काकू, दोघं भिंतीला चिकटून एकमेकांना वाट देतात. "सरका हो भाऊ थोडं."

आता नवीन स्कीमच्या ब्रोशरवर 'मिक्स्ड यूज', म्हणजे दुकानं, ऑफिसं आणि घरं एकाच बिल्डिंगमधे, असं झोकात छापून येतं, जसा काही शोध काल लागला. अहो 1819 साली धुळ्यात 401 घरं होती, वस्ती अडीच हजाराच्या आसपास. कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं कचेऱ्या बांधायला घेतल्या, लांबलांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बिनभाड्याच्या जागा दिल्या त्याही कायमच्या, शिवाय घर बांधायला उचलसुद्धा दिली. पेठ वसली ती अशी. आणि पेठेतला माणूस दुकान सोडून लांब राहायला कशाला जाईल?

बिल्डिंगची मागची बाजू बघा, ही जुनी. सागाचे खांब, त्यावर आडव्या कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिपा, मग माती आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे खारी पांढरी माती. याला धाबं म्हणतात. पावसाळ्याआधी दरवर्षी खारी टाकायची, एक वर्ष आळस केला की घरात पातेली मांडा. पण मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो तेव्हा पुढच्या स्लॅबखालचे वकीलसाहेब फायली काखेत मारून इथंच येऊन बसतात, एसी असून.

गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, चालल्यात. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचा. हात भाजतो, पाण्यात बुडवायचा, परत थापायचा. चार घरांच्या बायका आहेत, त्यात खालच्या साडीवाल्यांच्या आईपण, त्या राहतात देवपुरात पण ऊन इथलंच चांगलं म्हणतात. टॅक्सवाल्यांच्या ऑफिसातली पोरं चहाच्या निमित्तानं वर येतात आणि घाटा तेल टाकून खाऊन जातात, त्यांना कोणी बोलावलेलं नसतं.

मालकांनी बिल्डिंग डेव्हलपमेंटला दिलीये, दिवाळीनंतर पाडणार. दोन गाळेवाल्यांनी जागा बघितल्यात, बाकीच्यांचं बोलणं चालू आहे.

रात्रीचे साडेनऊ. शटरं खाली. मोबाईलवाल्याचं एकट्याचं अर्धं उघडं. वरून दोरीला बांधलेली पिशवी येते, तो तिच्यात दुरुस्त झालेला फोन टाकतो, दोरीला दोन हिसके देतो. पिशवी वर जाते, दुसऱ्या मजल्याच्या बोर्डाला एकदा अडकते, मग सुटते.