पोटावरची जागा

(दृश्य : परळ, सकाळ. रुग्णालयाचा वॉर्ड. नर्सच्या हातात मार्कर पेन.)

निवेदन :
उद्या ऑपरेशन. सर्जन आतड्याचं तोंड पोटावर काढतील आणि शौच तिथून पिशवीत जमा होईल. यालाच स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा असला तर तो बहुधा डावीकडे येतो, लहान आतड्याचा असला तर उजवीकडे. पण नेमका कुठे?

टेबलावर आडवं झालेलं पोट सपाट दिसतं. माणूस उठून बसला की घड्या पडतात, जुन्या टाक्यांचा व्रण आत ओढला जातो. म्हणून नर्स रुग्णाला झोपवते, बसवते, उभं करते, वाकायला लावते. झोपल्या झोपल्या डोकं उचलायला सांगते, तेव्हा पोटाच्या उभ्या स्नायूची कड बोटांना लागते. जागा या स्नायूवर हवी. बेंबी, बरगड्या, कमरेचं हाड यांपासून लांब, भोवती साधारण ५ सेंटिमीटर सपाट त्वचा. घडीत पिशवीची चकती नीट चिकटत नाही, पिशवी गळते. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात, त्याने कातडी अक्षरशः सोलवटते.

आणि जागा रुग्णाला स्वतःला दिसली पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर ती बेंबीच्या वर घ्यावी लागते.

(दृश्य : ससून डॉक. टोपली उचलणारी कोळीण.)

हिचं लुगडं कमरेला घट्ट आवळलेलं. दुसरीची परकराची नाडी, तिसऱ्याचा पॅंटचा पट्टा. कोणी जमिनीवर मांडी घालून जेवतं, कोणी नमाजाला वाकतं, कोणी विरारच्या गर्दीत दाराशी चेपून उभं राहतं. हे विचारल्याशिवाय खूण करूच नये, असं मला ठामपणे वाटतं.

१९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाच्या रुग्णांसाठी नॉर्मा गिल यांना नेमलं. गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा होता. स्टोमा नर्सिंगची सुरुवात तिथली.

(दृश्य : पोटावरची खूण, वर पारदर्शक पट्टी.)

अनेकदा दोन जागा आखतात, कारण आतडं पहिल्या जागेपर्यंत पोचेलच असं नाही. आतडं अडकून रात्री तातडीने ऑपरेशन करावं लागलं, तरी रुग्णाला बसवता येत असेल तर ही काही मिनिटं काढायला हवीत.

घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधीच विचारा : जागा कोण आखणार? आणि जाताना रोजचा परकर, रोजची पॅंट सोबत न्या.