मॅथ्यू स्ट्रीटवरचं तळघर

नमस्कार श्रोतेहो.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे जाऊन आलात, हे ऑफिसात कुणी विचारायचीच गरज पडू नये, अशी एक जागा साठच्या दशकात लिव्हरपूलमध्ये होती. तिथून आलेल्या माणसाच्या कपड्यांना वास यायचा. घाम, सिगारेटचा धूर, फरशी पुसायचं जंतुनाशक आणि जुन्या फळांच्या गोदामाचा कुबट दर्प, सगळं एकत्र. टायपिस्ट मुली तो वास अंगावर घेऊनच परत टाइपरायटरसमोर बसायच्या. त्या मुली आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्या काळाबद्दल विचारलं, की त्यांच्यापैकी कितीतरी जणी गाण्याच्याही आधी या वासाची गोष्ट काढतात. म्हणूनच त्यांच्या आठवणींवर माझा विश्वास बसतो. गाणी काय, आपण सगळ्यांनीच रेकॉर्डवर ऐकली. वास मात्र तिथे जाऊन उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

ही जागा म्हणजे कॅव्हर्न क्लब, १० मॅथ्यू स्ट्रीट. १६ जानेवारी १९५७ ला तो उघडला तेव्हा तिथे जॅझ वाजायचं. अठरा पायऱ्या उतरून गेलं की विटांच्या तीन लांबट कमानी, आणि मधल्या कमानीच्या टोकाला छोटासा मंच. हवा खेळायला जागाच नव्हती. गर्दी झाली की भिंतींवरून पाणी ओघळायचं आणि छताच्या चुन्याचे पापुद्रे वाजवणाऱ्यांच्या केसांत पडायचे. दारूचा परवाना नव्हता. मिळायचं ते सूप, कॉफी आणि कोका-कोला. त्या घामट तळघरात ९ फेब्रुवारी १९६१ च्या दुपारी बीटल्स पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. पुढच्या अडीच वर्षांत त्यांचे तिथे जवळजवळ तीनशे कार्यक्रम झाले. म्हणजे नेमाने येणाऱ्या मुलीला ही चार पोरं आपल्या गल्लीतल्या पोरांइतकी परिचयाची! पुढच्या रांगेतून एखाद्या गाण्याची फर्माईश करावी आणि मंचावरून तिच्या नावानिशी उत्तर यावं, इतकी जवळीक.

ही पोरं आली कुठून? १९५६ मध्ये गायक लॉनी डोनेगनच्या स्किफलने, म्हणजे घरगुती वस्तूंच्या वाद्यांवर वाजवायच्या संगीताने, इंग्लंडमधल्या पोरांना वेड लावलं. स्किफलला पैसे लागत नव्हते. एक स्वस्तातली गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी, आणि चहाची रिकामी पेटी. पेटी उपडी ठेवायची, तिला झाडूचा दांडा लावायचा, दांड्यापासून पेटीपर्यंत एक दोरी ताणायची, झाला बास तयार. या पेट्या भारतातून, सिलोनमधून चहा भरून गेलेल्या. आसामच्या पानांचा वास असलेल्या लाकडावर लिव्हरपूलच्या पोरांनी ताल धरला, हे मला फार हृद्य वाटतं. बीटल्समधल्या जॉन लेननच्या पहिल्या वाद्यवृंदातही असा पेटीचा बास होता. ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत हाच वाद्यवृंद वाजवत होता, आणि त्याच दिवशी बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीची आणि लेननची पहिली भेट झाली.

दुसरं कारण सरकारी आहे. सक्तीच्या लष्करी सेवेची भरती १९६० च्या अखेरीस बंद झाली. ऐन अठराव्या वर्षी पोरांना दोन वर्षं बराकीत काढावी लागायची, ती या पिढीला काढावी लागली नाहीत. दोन वर्षं हातात मोकळी, आणि गिटार हप्त्यावर मिळत होती. शहरात शेकडो वाद्यवृंद उभे राहिले. बिल हॅरी नावाच्या तरुणाने त्यांच्यासाठी जुलै १९६१ मध्ये ‘मर्सी बीट’ हे वर्तमानपत्र काढलं. यातला ‘बीट’ हा शब्द आपण तालाचा समजतो. हॅरीच्या डोक्यात मात्र होती पोलिसाची बीट, हवालदाराचा गस्तीचा इलाका. मर्सी नदीकाठचा हा आपला इलाका, आपण इथे फिरून बातम्या आणायच्या! कॅव्हर्नमध्ये कोट सांभाळायचं काम करणारी प्रिसिला व्हाइट अधूनमधून गायची. तिच्याबद्दल छापताना हॅरीला आडनाव आठवेना. कुठलासा रंग आहे एवढंच आठवलं, आणि त्याने ‘ब्लॅक’ छापून टाकलं. तेच नाव राहिलं. १९६४ मध्ये सिला ब्लॅकची रेकॉर्ड इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होती.

आता एक प्रसंग सांगतो. १९६३ च्या सुरुवातीला बीटल्सची दुसरी रेकॉर्ड देशाच्या खपाच्या यादीत वर पोचली. कॅव्हर्नचा निवेदक बॉब वूलर याने ती बातमी मंचावरून जाहीर केली. तिथे हजर असलेले सांगतात, टाळ्या पडल्या नाहीत. तळघर गप्प झालं. आपली पोरं आता आपली राहणार नाहीत, हे त्या मुलींना त्याच क्षणी कळलं. मुलगी चांगल्या घरी पडल्याचा आनंद आणि ती दूर जाणार याचं दुःख, दोन्ही एकदम दाटून यावं, तसं काहीसं. ३ ऑगस्ट १९६३ ला बीटल्स कॅव्हर्नमध्ये शेवटचे वाजले.

जी मुलगी त्यांच्याबरोबर राहिली तिचं नाव फ्रीडा केली. तीही दुपारच्या सुट्टीत कॅव्हर्नला धावणारी टायपिस्टच. सतराव्या वर्षी ती बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन याच्याकडे कामाला लागली आणि चाहत्यांच्या क्लबची सचिव झाली. भाबडेपणाने तिने क्लबसाठी घरचाच पत्ता दिला होता, मग टपालाचे ढीग घरी येऊन पडायला लागले आणि वडील वैतागले. एका चाहतीने उशीचा अभ्रा पाठवला, बीटल्सचा ड्रमवाला रिंगो याला यावर एक रात्र झोपायला सांगा म्हणून. फ्रीडाने तो अभ्रा रिंगोच्या आईकडे नेऊन दिला आणि काम करवून घेतलं. आपण स्वतः चाहती आहोत, म्हणून दुसऱ्या चाहतीला फसवायचं नाही, हा तिचा नेम. तिने हे काम सुमारे दहा वर्षं केलं.

बीटल्सच्या मागोमाग इतर शहरं जागी झाली. मँचेस्टरहून हॉलीज, न्यूकॅसलहून अ‍ॅनिमल्स, लंडनच्या टॉटनहॅममधून डेव्ह क्लार्क फाइव्ह. मझवेल हिलच्या किंक्सपैकी डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला, आणि त्या फाटक्या कागदातून जो करकरीत आवाज निघाला तो १९६४ ची ओळख होऊन बसला.

पण कॅव्हर्नपासून दूर राहणाऱ्यांनी हे ऐकलं कशावर? श्रोतेहो, आपल्यासारखंच, रेडिओवर. बीबीसीला रेकॉर्ड वाजवायचे तास करारांनी मोजून दिलेले होते. त्यामुळे वाद्यवृंदांना स्टुडिओत बोलावून वाजवून घ्यावं लागे. रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लागायचं, २०८ मीटरवर. उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवायचा, आईवडिलांना कळू द्यायचं नाही, आणि नेमक्या आवडत्या गाण्याला आवाज विरत जायचा. रेडिओ सिलोनसाठी सुई हलवत बसलेल्या आपल्या घरांना हे दुःख समजावून सांगायला नको. मग मार्च १९६४ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत फेलिक्स्टोजवळच्या समुद्रात, सरकारी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइन सुरू झालं, आणि बीटचं संगीत दिवसाढवळ्या ऐकू येऊ लागलं.

एका रेकॉर्डची किंमत होती ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे पौंडात बरोबर तीन. शनिवारी पगाराचं पाकीट फोडायचं, दुकानातल्या बूथमध्ये उभं राहून दहा ऐकायच्या आणि एक घ्यायची. ती एक आठवडाभर पुरवायची, मागची बाजूसुद्धा पाठ व्हायची.

आपल्याकडे हा ताल आला तो सिनेमातून. १९६५ च्या ‘जानवर’मध्ये शंकर-जयकिशन यांनी बीटल्सचीच एक चाल घेतली आणि आशाताई व रफीसाहेबांनी ती गायली. शम्मी कपूरला नाचताना पाहून खूश झालेल्या कितीजणांना लिव्हरपूल ठाऊक होतं!

कॅव्हर्न १९६६ मध्ये कर्जात बुडून बंद पडला, तेव्हा तिथे येणाऱ्या चाहत्या पोरांनी आत अडथळे रचून स्वतःला कोंडून घेतलं होतं. जुलैत तो परत उघडला. १९७३ मध्ये मात्र तो पाडला गेला, भुयारी रेल्वेला हवा खेळवणारी वाट काढायची म्हणून. ती वाट तिथे कधी झालीच नाही. पुढे त्याच विटांपैकी काही वापरून नवा कॅव्हर्न बांधला, १९८४ मध्ये.

जाता जाता आणखी एक आठवण. कॅव्हर्नच्याच जेरी अँड द पेसमेकर्सनी १९६३ मध्ये एका अमेरिकन संगीतिकेतलं संथ गाणं गायलं, ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’. ते पहिल्या क्रमांकावर गेलं. लिव्हरपूलमधल्या अ‍ॅनफील्डच्या फुटबॉल मैदानावर सामन्याआधी तेव्हाची गाजती गाणी लावायचे, त्यात हेही लागायचं आणि प्रेक्षक बरोबरीने म्हणायचे. काही आठवड्यांनी गाणं यादीतून उतरलं. प्रेक्षकांनी म्हणायचं थांबवलं नाही. जेरी मार्सडन जानेवारी २०२१ मध्ये गेला. अ‍ॅनफील्डवर आजही सामन्याआधी ते गाणं लागतं, गळ्यातले लाल मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणले जातात, आणि त्या गर्दीत साठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हणणारेही काही उभे असतात.