पुरे कधी म्हणायचे?

(चाळीसगाव येथील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘डेटा सफिशियन्सीचे प्रश्न सोडवण्याच्या पद्धती’ असा लिहिला आहे, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का एवढेच ओळखण्याचे प्रश्न, आणि त्याखाली कोणीतरी खडूने ‘ट्रिक्ससहित’ अशी भर घातली आहे. ज्याने ती घातली त्याची मी आधीच क्षमा मागतो, कारण माझ्याकडे ट्रिक्स नाहीत. मी निवृत्त बँक कर्मचारी आहे, क्लास चालवत नाही, आणि गेली काही वर्षे या अभ्यासिकेत येऊन तुमच्या वह्या पाहतो एवढीच माझी पात्रता. मात्र वह्या पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. या प्रश्नांत तुमचे गुण जातात ते गणित कच्चे असल्यामुळे फारसे जात नाहीत. ‘पुरे’ म्हणता येत नाही म्हणून जातात. पंगतीत वाढपी जिलेबीचे ताट घेऊन समोर उभा राहिला की पोट भरलेले असूनही ज्याला नाही म्हणता येत नाही, त्या पाहुण्यासारखी आपली गत होते. प्रश्नाचे पोट पहिल्याच विधानात भरलेले असते आणि आपण दुसरेही पानात घेतो.

प्रश्नाचा साचा तुम्हाला पाठ आहे. वर एक प्रश्न, खाली दोन विधाने, आणि विचारणा अशी की या विधानांतील माहिती उत्तर देण्यास पुरेशी आहे का. उत्तर काय, हे कोणीच विचारलेले नसते. हे मला समजले ते परीक्षेत सगळा हिशेब करून झाल्यावर. बँकेच्या परीक्षेला बसलो होतो तेव्हा माझ्यापुढे प्रश्न आला: एका रकमेवर दोन वर्षांचे चक्रवाढ व्याज किती? पहिले विधान सांगत होते की मुद्दल ८,५०० रुपये आहे, आणि दुसरे सांगत होते की व्याजाचा दर दरसाल साडेसात टक्के आहे. मी प्रश्नपत्रिकेच्या कडेला बारीक अक्षरात वर्ग केला, गुणाकार केला, दशांशचिन्ह दोनदा तपासले आणि १,३२२ रुपये ८१ पैसे एवढे व्याज काढून अभिमानाने पर्यायांकडे वळलो. पर्यायांत एकही आकडा नव्हता. ‘केवळ पहिले विधान पुरेसे’, ‘दोन्ही विधाने मिळून पुरेशी’ असली वाक्ये होती. चार मिनिटे गेली होती आणि माझ्या ८१ पैशांना तिथे गिऱ्हाईक नव्हते. त्या हिशेबातला एकही आकडा मांडायची गरज नव्हती. मुद्दल, दर आणि मुदत हातात आली की व्याज निघतेच, एवढे कळणे पुरेसे होते.

ही सवय येते कुठून? फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणितशिक्षणाच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांना एक प्रश्न घातला होता: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुसंख्य मुलांनी काहीतरी उत्तर काढून दिले आणि ३६ हे त्यांतले आवडते उत्तर होते. ही गोष्ट वाचून मी शेजारच्या चौथीतल्या मुलाला गाठले. जहाज त्याने पाहिलेले नाही, म्हणून मी मेंढ्या एसटीत बसवल्या आणि ड्रायव्हरचे वय विचारले. त्याने क्षणात ३६ सांगितले. मी विचारले, ‘मग कंडक्टरचे?’ तो जरा थांबला, माझ्याकडे संशयाने पाहिले आणि म्हणाला, ‘१६.’ ड्रायव्हरसाठी बेरीज झाली होती, म्हणून कंडक्टरच्या वाट्याला वजाबाकी आली! तुम्ही हसता आहात, पण त्या मुलाचा तर्क आपल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही परका नाही. पुस्तकातल्या उदाहरणात जेवढे आकडे दिलेले असतात तेवढे सगळे वापरायचे असतात आणि उदाहरण असेल तर त्याला उत्तर असतेच, हे आपण इतकी वर्षे गिरवलेले आहे की ‘माहिती अपुरी आहे’ असे लिहिणे आपल्याला कामचुकारपणा वाटतो.

आता तक्रार. ती माझ्याच एका जुन्या शाखेविषयी आहे, म्हणजे अर्ध्याहून अधिक माझ्याविषयीच आहे. मी तेव्हा शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. एक शेतकरी विहीर आणि पाइपलाइनसाठी कर्ज मागायला आले. आमच्याकडे कागदपत्रांची एकोणीस कलमांची छापील यादी होती आणि माझे काम म्हणजे कागद आला की त्याच्यापुढे बरोबरची खूण करणे. पहिल्याच फेरीत त्यांनी सातबारा आणि आठ अ दिला. मी दोन खुणा केल्या. पुढच्या फेरीत फेरफाराचा उतारा आला, मग सोसायटीचा बेबाकी दाखला, मग वकिलाचा सर्च रिपोर्ट, ज्याचे पैसे त्यांनीच भरले, मग विहिरीचे अंदाजपत्रक, मग दोन जामीनदार आणि त्यांचे सातबारे. एका जामीनदाराची सही जुळत नव्हती म्हणून तो बदलला आणि पुन्हा त्याचे कागद आले. खताच्या रिकाम्या पिशवीत घडी करून ठेवलेली ती फाइल दर खेपेला जाड होत गेली. पाच महिन्यांनी एकोणिसावी खूण झाली आणि प्रकरण साहेबांकडे गेले. साहेबांनी सातबारा उलगडला, ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. तिथे दुसऱ्या एका बँकेच्या कर्जाचा बोजा स्वच्छ अक्षरांत नोंदलेला होता. आधीचा बोजा असलेल्या जमिनीवर आमच्याकडे कर्ज बसत नव्हते, हे मलाही ठाऊक होते आणि तो सातबारा पहिल्या दिवसापासून माझ्याच टेबलावर होता.

तुमच्या भाषेत सांगायचे तर ‘या जमिनीवर कर्ज देता येते का?’ या प्रश्नाला पहिले विधान एकटेच पुरेसे होते आणि उत्तर ‘नाही’ असे होते. मी मात्र उरलेली अठरा विधाने गोळा करत बसलो, कारण यादीत ती होती. शेतकरी रागावले नाहीत, हे मला जास्त लागले. त्यांनी एवढेच विचारले की बाकीचे कागद परत मिळतील का, दुसरीकडे उपयोगी पडतील आणि झेरॉक्सचे पैसे तरी वाचतील. म्हणून मी या प्रश्नप्रकाराची बाजू घेतो. तुमच्या पेपरात टक्केवारी असते, आगगाड्या असतात, पाण्याच्या टाक्या असतात. त्यांतले काय उद्या टेबलावर येईल ते येवो. पण समोरच्या कागदांवर निर्णय होतो की नाही, हा प्रश्न तुम्ही तलाठी व्हा, तहसीलदार व्हा वा बँकेत जा, रोज सकाळी येणार आहे. आणि तरीही क्लासमध्ये हा प्रकार ‘स्किप करा, वेळखाऊ आहे’ म्हणून सांगितला जातो, ही माझी दुसरी तक्रार. तो वेळखाऊ होतो तो तुम्ही ८१ पैसे काढत बसता म्हणून.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहिले आहे आणि त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा फलकावरचा विषय आता सुरू करतो.

पहिली गोष्ट अशी की विधाने वाचण्यापूर्वी प्रश्न वाचून थांबा आणि उत्तर देण्यासाठी नेमके काय लागेल ते मनात ठरवा. एक उदाहरण घेऊ. तूरडाळीचा किलोचा भाव किती? पहिले विधान: दोन किलो डाळ आणि तीन किलो साखर मिळून ४२६ रुपये होतात. दुसरे विधान: चार किलो डाळ आणि सहा किलो साखर मिळून ८५२ रुपये होतात. दोन अज्ञात आणि दोन समीकरणे दिसली की तुमचा हात ‘दोन्ही मिळून पुरेशी’ या पर्यायाकडे जातो. पण दुसरे विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे, वाण्याने तीच पावती दोनदा फाडावी तसे, म्हणून दोन्ही मिळूनही डाळीचा भाव निघत नाही. आता विधाने तीच ठेवून प्रश्न बदलू: सहा किलो डाळ आणि नऊ किलो साखर मिळून किती रुपये होतील? आता कोणतेही एक विधान पुरेसे आहे, कारण पहिल्याची तिप्पट केली की १,२७८ रुपये येतात. डाळीचा सुटा भाव अजूनही कोणाला माहीत नाही आणि त्याची गरजही नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. दोन अज्ञातांना दोन समीकरणे लागतातच, हेही खरे नाही. वही ३१ रुपयांना आणि पेन ७ रुपयांना मिळते. एका मुलीने काही वह्या आणि काही पेने घेतली, तर वह्या किती? पहिले विधान: तिने एकूण १०० रुपये दिले. दुसरे विधान: तिने एकूण चार वस्तू घेतल्या. इथे वह्या आणि पेने अर्धी-पाव मिळत नाहीत, ही न लिहिलेली माहिती कामाला येते. एक वही घेतली तर ६९ उरतात, दोन घेतल्या तर ३८ उरतात, आणि यांपैकी कशालाही सातने भाग जात नाही. तीन घेतल्या तर बरोबर ७ उरतात. म्हणजे पहिले विधान एकटेच पुरेसे. हेच भाव ३० आणि १० केले तर एक वही आणि सात पेने, दोन वह्या आणि चार पेने, तीन वह्या आणि एक पेन असे तिन्ही हिशेब जमतात आणि पहिले विधान अपुरे पडते. साचा तोच, उत्तर वेगळे. म्हणून साचा पाठ करून भागत नाही. पूर्णांकी उत्तरे शोधण्याच्या या विद्येला आपल्याकडे कुट्टक म्हणतात आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख इथून जवळच, पाटणादेवीच्या परिसरात सापडला. तुमच्यापैकी बहुतेक जण तिथे सहलीला जाऊन धबधबा पाहून आलेले असणार. असो, चिठ्ठी समोर आहे.

तिसरी गोष्ट ‘होय-नाही’ प्रश्नांची. ‘व्यापाऱ्याला तोटा झाला का?’ असा प्रश्न असेल आणि विधान असेल की विक्रीची किंमत खरेदीच्या सव्वापट होती, तर उत्तर ठामपणे ‘नाही’ असे मिळते आणि म्हणून विधान पुरेसे ठरते. वह्यांत सर्वाधिक लाल शेरे मी इथे मारतो, कारण ‘नाही’ आले की विद्यार्थी ‘पुरेसे नाही’ असे लिहून मोकळा होतो. विधान अपुरे ठरते ते कधी ‘होय’ आणि कधी ‘नाही’ येऊ लागले तरच. त्यासाठी विधानात बसणारे दोन वेगळे आकडे घालून पाहावेत: एक सरळ, आणि एक वाकडा, म्हणजे शून्य, ऋण किंवा अपूर्णांक. एका संख्येचा वर्ग ४९ आहे, एवढे सांगितले तर ती संख्या ७ की उणे ७ हे ठरत नाही. तीच संख्या बसमधील प्रवाशांची असेल तर ठरते.

चौथी गोष्ट: दुसरे विधान तपासताना पहिले हाताने झाका. खरोखर झाका. पहिल्यातली माहिती नकळत दुसऱ्यात शिरते आणि दुसरे विधान आपल्याला आहे त्याहून श्रीमंत भासते. दोन्ही सुटी सुटी तपासून अपुरी ठरली, तरच एकत्र करायची.

पाचवी, अगदी क्षुल्लक दिसणारी आणि महागात पडणारी. पर्यायांचा क्रम सगळीकडे एक नसतो. बँकांच्या परीक्षांत तिसरा पर्याय बहुधा ‘दोहोंपैकी कोणतेही एक पुरेसे’ असा असतो, तर परदेशी व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत तिसरा ‘दोन्ही मिळून पुरेशी’ असा असतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतील सीसॅट या दुसऱ्या पेपरात चारच पर्याय असतात आणि ‘एक विधान पुरेसे, दुसरे नाही’ यात ते एक कोणते हे विचारलेलेही नसते. क्रमांक पाठ केलेला माणूस दुसऱ्या परीक्षेला बसला की बरोबर विचार करून चुकीचे वर्तुळ काळे करतो.

मागून ताईंनी विचारले की सीसॅटमध्ये दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला नव्वद सेकंद, त्यात हे सगळे कसे बसणार. सीसॅट २०१५ पासून केवळ पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ६६ गुण पुरतात आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात. तेव्हा ८० च्या ८० प्रश्नांना हात लावण्याची गरजच नाही. शिवाय ज्या प्रश्नात तुम्ही शेवटचा गुणाकार टाळलात, तिथले सेकंद परत तुमच्याच खात्यात जमा होतात.

दुसरी चिठ्ठी आली आहे, हिच्यावर मजकूर नाही, नुसते उद्गारचिन्ह आहे. फळ्यावर एक प्रश्न लिहून खाली उतरतो. एका दोन अंकी संख्येच्या दोन अंकांमधील फरक किती? पहिले विधान: त्या अंकांची बेरीज १७ आहे. दुसरे विधान: ती संख्या विषम आहे. उत्तर मी सांगणार नाही. पण ज्यांनी पेन उघडले आहे, त्यांनी आधी त्याला टोपण लावावे.