दोन महिन्यांचा बर्फ

नमस्कार मंडळी. ही काळी चकती पहिल्या रांगेत देते, हातोहात मागपर्यंत जाऊ द्या. हिला पक म्हणतात, आइस हॉकीत चेंडूऐवजी हीच मारतात. घट्ट रबर, अडीच सेंटिमीटर जाड, वजन साधारण १६० ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढंच. सामन्याआधी ही गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर टणाटण उडते. हातात घेऊन बघा, आणि ही अंगावर येत असताना जाळ्यासमोर उभं राहणाऱ्या मुलीचा विचार करा.

पत्रिकेत विषय छापलाय, 'महिला आइस हॉकीचा आशिया चषक आणि आपण'. त्यातल्या 'आपण'साठी मी आले आहे, पण आधी चषक. महिलांच्या जागतिक स्पर्धेत सगळ्यात वरच्या गटात १० संघ. कॅनडा, अमेरिका, फिनलंड वगैरे. त्याखाली पहिला, दुसरा, तिसरा विभाग. आशिया चषक या उतरंडीच्याही बाहेर, अजून अंगणात उभ्या असलेल्या देशांसाठी. २०२५ मध्ये तो अमिरातीत अल ऐनला झाला. मे संपून जून लागण्याची वेळ, बाहेर वाळवंटाचं ऊन आणि आत बर्फ. फिलिपिन्सला सुवर्ण, इराणला रौप्य आणि आपल्या मुलींना कांस्य. आपल्या मुली म्हणजे मुख्यतः लडाखच्या आणि हिमाचलातल्या लाहौल-स्पीतीच्या.

टाळ्या वाजवताय, बरं वाटलं. त्या जूनमध्ये मी एका दैनिकाच्या क्रीडा विभागात फोन करून विचारलं होतं, ही बातमी उद्या येणार ना? पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हॉकीची लीग चालू आहे, तीच ना?" मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. दुसऱ्या दिवशी अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. एक ओळ नव्हती.

आपला हा महिला संघ पहिल्यांदा परदेशात खेळला २०१६ मध्ये, तैवानमधल्या तैपेईला. पुढच्या वर्षी, मार्च २०१७ मध्ये, बँकॉकला त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला, फिलिपिन्सविरुद्ध ४-३. हा आकडा लक्षात ठेवा, मला तो शेवटी लागणार आहे. प्रवासासाठी लोकवर्गणी काढलेली. त्या संघात जाळ्यासमोर उभी राहणारी नूर जहान एरवी लेहमधली जुनी भित्तिचित्रं जतन करायचं काम करते. शतकांपूर्वीचा रंग निसटू नये म्हणून तासन्‌तास बारीक कुंचला धरणारा हात, आणि तोच हात पक अडवायला. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.

तर लेह. २०१९च्या जानेवारीत मी तिथे गेले. ठाण्यात तीस वर्षं चाकांवरचं स्केटिंग शिकवत होते, पण बर्फावर कधी पाय ठेवला नव्हता. रात्री साडेनऊला तलावाशी पोहोचले तर चार जण पाइपाने पाणी मारत होते. मला वाटलं, गोठलेल्या तलावावर पाणी कशाला? तर मंडळी, बर्फ घडवावा लागतो! तलाव आपोआप गोठतो तो खडबडीत. त्यावर पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो धरू द्यायचा, मग दुसरा. एकदम ओतलं तर वरून धरतो आणि खाली पोकळी राहते. भेगा पडल्या तर बर्फाचा ओला चुरा दाबून बसवायचा. माझी आजी अंगण सारवायची, अगदी तसं. घाई केलेली पुढे दिसतेच. ते लोक रात्री एकपर्यंत सारवत होते.

पहाटे मुली आल्या. उणे पंधरा. काठावर बसून स्केट्सच्या नाड्या बांधत होत्या, तेही उघड्या हातांनी, कारण हातमोजे घालून नाडी आवळता येत नाही आणि सैल राहिली तर घोटा मुरगळतो. दोन नाड्या आवळायच्या, बोटं काखेत धरायची, परत दोन आवळायच्या. एवढ्या पहाटे का? कारण दुपारी ऊन लागलं की वरचा थर घामेजतो, मग खेळ बंद. दिवसातले चांगले तास थोडे आणि त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. मुलींच्या वाट्याला पहाटेचा तास आला होता, आणि त्यांनी तो भांडून मिळवलेला होता.

सराव संपल्यावर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी माझ्याशेजारी बसली. "तुमच्याकडे बर्फ किती महिने असतो?" म्हटलं, अगं, आमच्याकडे नसतोच, आम्ही चाकांवर शिकवतो. "मग सराव किती महिने?" म्हटलं, बारा. ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाराही?" त्या 'बाराही'ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. या मुलींना जेमतेम दोन महिने चांगला बर्फ. माझ्याकडे सोसायटीसोसायटीत मुली, पायात चाकं, बाराही महिने सिमेंटचं मैदान, आणि हातात स्टिक नाही.

परत आले ती त्याच तिरीमिरीत. एका क्रीडासंकुलात अर्ज केला, मुलींच्या चाकांवरच्या हॉकीसाठी आठवड्यातून दोन तास द्या. पहिल्यांदा सांगितलं, फरशीला ओरखडे पडतील. चाकं दाखवली, ती रबरासारखी मऊ असतात. मग म्हणाले, मुलांचा फुटबॉल आहे. मग लग्नसराई. तीन वर्षं, अकरा अर्ज! प्रत्येकाची पोच माझ्याकडे आहे. शेवटी वेळ दिली ती सकाळी साडेपाचची. लेहच्या मुलींना पहाट आणि ठाण्याच्या मुलींनाही पहाटच. मी घेतली.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं? बरं, मग मुद्द्यावर येते.

भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात आला १९८९ मध्ये. फिलिपिन्स २०१६ मध्ये. २०१७ मध्ये आपण त्यांना ४-३ हरवलं आणि २०२५ मध्ये सुवर्ण त्यांच्या गळ्यात. मनिलाला मॉलमध्ये पूर्ण मापाची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान आहे, तिथे बर्फ बाराही महिने. आपल्याकडे देहरादूनला २०११ मध्ये मोठी बंदिस्त रिंक बांधली, स्पर्धा झाली आणि ती वर्षानुवर्षं बंद राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा उघडली. लेहलाही आता कृत्रिम बर्फ आला. तेव्हा खालच्या पायरीवरची ही स्पर्धा माझ्या मते सरावाच्या महिन्यांची स्पर्धा आहे. तिथे अंगभूत गुणवत्तेत फार अंतर नसतं.

आणि आता इराण, माझा खरा मुद्दा. इराणच्या कितीतरी मुली इनलाइन हॉकीतून, एका रांगेतल्या चाकांवरून, बर्फावर आल्या. रौप्य! म्हणजे हा रस्ता चालून झालेला आहे. पास, जागा धरणं, मान वर ठेवून पक खेळवणं, सगळं चाकांवर शिकता येतं. नव्याने शिकावं लागतं ते थांबणं. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून खरडत थांबतात, चाकांवर तसं जमत नाही. ते शिकायला बर्फ हवा, पण सगळं बालपण नको. महाराष्ट्रातल्या मुली दहा महिने इथे खेळल्या आणि हिवाळ्यात वर गेल्या, तर लडाखच्या मुलींना सरावाला जोडीदार मिळतील आणि त्यांच्याकडून आपल्या मुली बर्फ शिकतील. २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकेनहायझर, चार ऑलिंपिक सुवर्णांची मानकरी, लेहला येऊन या मुलींबरोबर खेळून गेली. कॅनडाहून लेहला येता येतं, तर ठाण्याहून का नाही?

खर्चाचं बोलायचं राहिलं. हेल्मेट, गुडघे-कोपरांची पॅडं आणि इनलाइन स्केट्स एवढ्यावर सुरुवात होते. क्वाड, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकांचे स्केट्स, चालणार नाहीत, ते आधीच सांगते, पालक हमखास तेच घेऊन येतात. मुलींच्या खेळात अंगावर धडक द्यायला सहसा मनाई असते, त्यामुळे आईवडिलांनी घाबरू नये. आमची वेळ शनिवार-रविवार, सकाळी साडेपाच. आठ वर्षांपासून पुढच्या मुली. जास्तीच्या सहा स्टिक माझ्याकडे आहेत. आणि पक कुठवर पोहोचला? तो तिकडे खिडकीपाशी ज्या मुलीने मघापासून धरून ठेवलाय, तिच्याकडेच राहू दे. शनिवारी येताना घेऊन ये, बाळा.