न मिळालेल्या फोटोंचा हिशेब

नमस्कार मंडळी. आत येताना दाराजवळ लावलेले दोन प्रिंट तुम्ही पाहिलेत. दोन्हींत तोच पितळी तांब्या, तीच खिडकी, तोच सकाळचा उजेड. एक फोटो २०१४ साली आलेल्या सोनी ए६००० वर काढलाय, दुसरा २०२३ मधल्या ए६७०० वर. लेन्स तीच, ट्रायपॉड तोच, आयएसओ १००. नवा कॅमेरा कुठला ते ओळखून चिठ्ठी टाकायला सांगितलं होतं. चिठ्ठ्या आत्ता मोजल्या. निम्म्याहून जास्त लोकांनी जुन्यालाच नवा ठरवलंय. वाईट वाटून घेऊ नका. मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं नसतं तर मीही फसलो असतो.

यात नवल नाही. ए६००० चा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, ए६७०० चा ६१९२ बाय ४१२८ चा. इंचाला ३०० ठिपके धरून छापलात तर जुन्याचा प्रिंट २० इंच रुंद होतो आणि नव्याचा त्याहून अर्ध्या इंचाने मोठा. नऊ वर्षांनी अर्धा इंच! भर उजेडात, स्थिर वस्तूचा फोटो काढायचा असेल तर ए६००० ला आजही नावं ठेवायला जागा नाही. एका सेकंदाला अकरा फोटो तो २०१४ मध्ये काढायचा, नवा आजही अकराच काढतो.

मग मी लाखाच्या वर पैसे कशात घातले? घरी हाच प्रश्न विचारला गेला होता, वेगळ्या आवाजात. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, आज देतो. या दोन कॅमेऱ्यांतला फरक मिळालेल्या फोटोंत शोधू नका. जे फोटो मिळालेच नाहीत त्यांच्यात शोधा.

भिगवणला जाणारे इथे बरेच असतील. उजनीचं फुगवट्याचं पाणी, कुंभारगावची होडी, आणि हिवाळ्यात समोर रोहित पक्ष्यांची रांग. रोहित उडताना आधी पाण्यावरून धावतो, धावपट्टीवर विमान धावतं तसा. ते चार-पाच सेकंदच आपल्या हातात असतात. होडी हलतेय, आपण हलतोय, पक्षी पळतोय. ए६००० वर मी फोकसचा चौकोन पक्ष्यावर ठेवायचा प्रयत्न करायचो. पहिले दोन-तीन फोटो शार्प यायचे, मग एखादी लाट किंवा मागची झाडी मध्ये आली की फोकस तिकडे पळायचा. तो परत येईपर्यंत पक्षी हवेत. घरी येऊन कार्ड रिकामं करताना मी त्या फोटोंकडे बघायचोसुद्धा नाही, सरळ डिलीट. त्यामुळे किती फोटो गेले याचा हिशेब माझ्याकडे कधी नव्हताच.

हे असं का व्हायचं? जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे आरसा असायचा आणि त्याच्या खालच्या बाजूला फोकससाठी वेगळा सेन्सर. २००८ मध्ये पॅनासोनिकने जी१ हा कॅमेरा आणला, आरसा गेला, आणि त्याबरोबर तो सेन्सरही गेला. मग कॅमेरा काय करायचा, तर लेन्स पुढे-मागे सरकवून चित्र कुठे सर्वात ठसठशीत दिसतंय ते बघायचा. अंधारात कुलपाचं भोक चाचपडावं तसं. नंतर फेज डिटेक्शनचे, म्हणजे फोकस किती चुकलाय ते मोजणारे बिंदू, फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरच बसवले गेले. त्यामुळे लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची हे आधीच कळू लागलं. ए६००० वर असे १७९ बिंदू आहेत आणि त्या काळी ती मोठीच गोष्ट होती. ए६७०० वर ७५९ आहेत.

दुकानदार हा आकडा तुमच्या तोंडावर फेकतो. पण खरी गोम तिथे नाही. जुन्याचे १७९ बिंदूसुद्धा जवळपास सगळी चौकट व्यापतात. फरक असा, की पक्ष्याच्या बाबतीत जुन्याला समोर काहीतरी हलतंय एवढंच कळतं. नव्यात वस्तू ओळखायला वेगळा प्रोसेसर दिलाय. हा पक्षी, हे त्याचं डोकं, हा डोळा, असं तो ओळखतो. डोकं वळलं, पंख आडवा आला, तरी धरून ठेवतो. पहिल्यांदा नदी सुरय पक्ष्यावर वापरून पाहिला तेव्हा मी होडीत अक्षरशः हसलो. सुरय हवेत कसा गिरक्या घेतो ते तुम्हाला माहीत आहे. मला तो चौकटीत ठेवणंच जमत नव्हतं. जेवढा वेळ जमलं तेवढा वेळ फोकस डोळ्यावर होता. म्हणजे आता चूक कोणाची ते उघड झालं. पूर्वी कॅमेऱ्यावर ढकलता यायची.

मात्र काय ओळखायचं ते आधी मेन्यूत सांगावं लागतं: माणूस, प्राणी, पक्षी, कीटक, गाडी वगैरे. मी भिगवणहून थेट एका लग्नाला गेलो. सेटिंग पक्ष्यावरच राहिलं, आणि नवरदेवाचा चेहरा सोडून चौकोन त्याच्या फेट्याच्या तुऱ्यावर नाचत होता.

आता अंधाराकडे येऊ. आमच्याकडे जागरण-गोंधळाचे फोटो काढायला बोलावतात. मध्यरात्र, अंगणात एक बल्ब, दिवटीचा उजेड. नव्या कॅमेऱ्याचा सेन्सर पाठीमागून उजेड घेणाऱ्या रचनेचा आहे, त्यामुळे नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे, कमी असं सांगतात. कमी आहे, पण फरक फार तर एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाएवढा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, झूम केल्यावर एफ ५.६ एवढीच उघडते; आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते. तिच्या जागी १.८ ची लेन्स लावलीत तर तीन स्टॉपहून जास्त उजेड मिळतो. म्हणजे नऊ वर्षांत सेन्सरने जे दिलं, त्याच्या कित्येक पट तुम्हाला एक साधी लेन्स देते. किट लेन्सवर बसून बॉडी बदलायची स्वप्नं बघणारे इथे असतील, त्यांनी हे वाक्य घरी घेऊन जावं. मी स्वतः चार वर्षं तेच केलं.

नव्यात सेन्सरच हलवून हाताची थरथर सावरायची सोय आहे, जुन्यात नाही. जुन्यावर ओएसएस, म्हणजे स्वतःच थरथर सावरणारी लेन्स लावली तर काम भागतं, पण माझी आवडती सिग्मा ५६ एमएम १.४ तशी नाही. तिने मी जुन्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून मंद शटर लावायला घाबरायचो, आता विसाव्या भागालाही उभ्या माणसाचा फोटो शार्प येतो. उभ्या माणसाचा, बरं का. संबळ वाजवणाऱ्याचे हात थांबत नाहीत. थरथर पाच स्टॉपपर्यंत सावरते असं लिहिलंय म्हणून रात्री कमी शटरवर नाच टिपायला गेलात तर देव्हारा शार्प येईल आणि गोंधळी धूसर.

ज्या एका गोष्टीसाठी मी नव्याचे खरोखर पाय धरेन ती म्हणजे आवाज न करणारं शटर. शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत विलंबित ख्याल चालू असताना ए६००० चा ‘खटॅक’ काय असतो ते पुढच्या रांगेतल्या आजोबांना विचारा. मी सम येण्याची वाट बघायचो, तबल्याच्या थापेखाली शटर दडवायला. त्यातून कान तयार झाला, पण आलापातला चेहरा कधी मिळाला नाही. आता मिळतो. त्यातही एक मेख आहे. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि तबल्यावरची बोटं वाकडी दिसू शकतात. गवयासाठी मूक शटर, तबलजीसाठी नेहमीचं, असं मी ठरवून टाकलंय.

जेजुरीबद्दल न सांगून चालणार नाही. सोमवती अमावस्येला गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा सगळं पिवळं होतं, हवासुद्धा. मी तिथे ए६००० ची लेन्स बदलली. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर असतो. मी दोन सेकंदांत बदलली असं मला वाटत होतं. पुढचा महिनाभर माझ्या प्रत्येक फोटोतल्या आभाळात तीन ठिपके होते, एकाच जागी, मळवट भरल्यासारखे. शेवटी सेन्सर साफ करून घ्यावा लागला. नव्या बॉडीत धुळीपासून थोडा बचाव आहे, पण लेन्स बदलताना तो काय कामाचा? आता जेजुरीला दोन्ही कॅमेरे नेतो, एकेक लेन्स घरीच लावून. जुना घरात असण्याचा हा मोठा फायदा, आणि तो विकून फारसे पैसे येत नव्हते हेही खरं.

व्हिडिओवर जास्त बोलत नाही. तिथे तुलनाच नाही. जुन्यात फोरके नाही, माइक जोडायला साधी पिन नाही, स्क्रीन पुढे वळत नाही. ज्यांना मुलाखती, रील, यूट्यूब करायचंय त्यांनी पहिल्या पाच मिनिटांनंतर उठून गेलं तरी चाललं असतं. फक्त एक ध्यानात ठेवा, की उन्हाळ्यात नवा सलग फोरकेला तापतो. एवढीशी बॉडी, आत पंखा नाही.

जुन्यातलं काय गमावलं? उचलून वर येणारा छोटा फ्लॅश. तो नव्यात काढून टाकलाय. उजेड वाईटच असायचा त्याचा, पण भर दुपारी फेट्याच्या सावलीत गेलेला चेहरा उजळायला पुरायचा. आणि वजन. ३४४ ग्रॅमचा कॅमेरा ४९३ ग्रॅमचा झाला. जुना मी डबा आणि पाण्याच्या बाटलीबरोबर पिशवीत टाकायचो, नव्याला वेगळी बॅग लागते. बॅग दिसली की लोक सावध होतात, तोंडावर फोटोचं हसू आणतात. बाजारातले माझे आवडते फोटो अजूनही जुन्यावरचेच आहेत.

त्या वाढलेल्या वजनात बॅटरीचा मात्र वाटा आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. जुन्याची १०२० एमएएचची, नव्याची २२८०. जुन्याबरोबर मी लग्नात खिशात चार बॅटऱ्या घेऊन फिरायचो आणि अक्षता पडायच्या वेळी नेमकी चौथी लाल व्हायची. आता दुसरी क्वचित लागते.

कोणता घ्यावा हे मला विचारू नका, तुमचे डिलीट केलेले फोटो बघा. ते फोकस चुकून गेले असतील तर नवा कॅमेरा ते परत आणेल. उजेडाअभावी गेले असतील तर आधी लेन्स बघा. आणि घरीच बसल्यामुळे गेले असतील, तर त्यावर सोनीकडे अजून काही नाही.

दोन्ही कॅमेरे मागच्या टेबलावर ठेवलेत, हातात घेऊन बघा. तांब्याही तिथेच आहे. फक्त ए६००० बघून झाला की बंद करून ठेवा, त्याच्यासाठी आज एकच बॅटरी आहे.