पद्मिनीच्या बॉनेटखाली: आधी तपास, मग पाना

श्रोतेहो,

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी आता ठाण्यात मोजक्याच सोसायट्यांच्या आवारात उभी दिसते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीचे उत्पादन १९६०च्या दशकात सुरू केले, १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि पुढची पंचवीसएक वर्षे ती बनत राहिली तरी तिच्या १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची मूळ रचना फारशी बदलली नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला असलेली २० वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, तीही रस्त्यावरून उतरली.

टॅक्सी गेल्या आणि त्यांच्याबरोबर पद्मिनीच्या मालकाची एक मोठी सोय गेली. टॅक्सीसाठी सुटे भाग सतत बनत असल्यामुळे खाजगी मालकालाही ते स्वस्तात मिळत, आणि नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा मिस्त्री नाक्यानाक्यावर असे. त्या काळात अंदाजाने एखादा भाग बदलून पाहिला आणि तो अंदाज चुकला, तरी फारसे बिघडत नव्हते. आज मात्र शंकेपोटी काढून भंगारात टाकलेला मूळ बनावटीचा पेट्रोल पंप पुन्हा मिळेलच असे नाही, आणि त्याच्या जागी बसवलेला नवा पंप त्याच्याइतका चांगला निघेल याचीही खात्री नाही. म्हणून आज मी पाना कसा धरावा यापेक्षा पाना हातात घेण्याआधी काय तपासावे, याविषयी अधिक बोलणार आहे. माझ्या मते घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याचे खरे कसब तेवढेच आहे. बाकी हाताची सवय हळूहळू लागतेच.

आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार घेऊ. मे महिना आहे, घोडबंदर रस्त्यावर नेहमीची कोंडी आहे. गाडी अर्धा तास सुरळीत चालते, पातलीपाड्याच्या पुढे अडखळू लागते, गायमुखच्या चढावर बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. अशा गाडीचा मालक बहुधा आधी पंप बदलतो, मग कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारे वेटोळे), मग कार्बोरेटर, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच चढावर पुन्हा उभा राहतो. याचे कारण साधे आहे. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती थंड झालेली असते आणि थंड गाडीत हा दोष नसतोच. जे पाहायचे ते ती बंद पडलेली असताना, जागेवरच, पुढच्या पाच मिनिटांत पाहावे लागते.

त्यासाठी गाडीत एक जादा प्लग, मूठ रबराने झाकलेली पक्कड, मल्टिमीटर, पाण्याची बाटली आणि जुने धोतर किंवा पंचा एवढेच ठेवावे. आधी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत नाही ना, याची खात्री करावी. पेट्रोलची कुठलीही नळी सोडवण्यापूर्वी ठिणगी पाहायची, हा क्रम कधीही उलटा करू नये. डेल्कोच्या, म्हणजे ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपणातून मधली जाड वायर काढून ती जादा प्लगला लावावी, प्लगचे धातूचे अंग इंजिनला टेकवून पकडीने धरावे आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. ठिणगी निळसर, जाड आणि टकटक आवाज करणारी असेल, तर विजेच्या बाजूचा संशय जवळजवळ मिटला. ती पिवळट, बारीक आणि चुकतमाकत येणारी असेल, तर कॉइल आणि कंडेन्सर हे दोन संशयित उरतात. पद्मिनीच्या साध्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध थंड असताना साधारण ३ ओहम भरतो; तो घरी एकदा मोजून वहीत लिहून ठेवला असेल, तर रस्त्यावर तापलेल्या कॉइलचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.

ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलकडे वळावे. पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवलेला असेल, तर सेल्फ मारताना त्यात पेट्रोल चढते की नुसते बुडबुडे फिरतात, हे डोळ्यांनी दिसते. पद्मिनीची टाकी मागे आहे आणि यांत्रिक पंप पुढे, इंजिनच्या अंगालाच चिकटलेला आहे. तो पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल नेहमीपेक्षा कमी तापमानालाच उकळते. वाफ झालेले पेट्रोल पंपाला पुढे ढकलता येत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. टॅक्सीवाले पंपावर ओले फडके गुंडाळत ते याचसाठी. त्या फडक्याला अनेक जण हसतात, पण त्याच्याइतके स्वस्त निदानाचे साधन दुसरे नाही. पंपावर पंचा ठेवून पाणी ओतल्यावर दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली, तर कॉइल निर्दोष आहे आणि बहुधा पंपही निर्दोषच आहे; दोष उष्णतेचा आहे. पाणी पंपावरच ओतावे, डेल्कोवर जाऊ देऊ नये, नाहीतर एका दोषाचे दोन होतील.

मग उष्णता येते कुठून, हे घरी आल्यावर शोधायचे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या फार जवळून जाते का, तिची क्लिप तुटून ती खाली लोंबते आहे का, पंपाखालची जाड फायबरची पॅकिंग कुणी काढून कागदाची बसवली आहे का, फॅन बेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे साचले आहेत का? पॅकिंगबाबत एक सावधगिरी सांगतो. ती मनाने अधिक जाड करू नये, कारण पंपाचा दांडा कॅमशाफ्टकडून हलतो आणि पंप जितका दूर जाईल तितका त्याचा झटका लहान होतो. या यादीत शेवटी, पण बहुतेकांच्या ध्यानात न येणारे असे एक कारण उरते, ते म्हणजे मागे पडलेले टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल सिलिंडरमध्ये पुरते काम न करता जळतच बाहेर जाते, आणि इंजिन व एक्झॉस्ट दोन्ही तापतात. टायमिंगला कुणी हात लावलेला नसतानाही ते मागे पडते, आणि त्याचे मूळ सीबी पॉइंटमध्ये, म्हणजे डेल्कोतल्या उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या तोंडांमध्ये असते.

इथे थोडे थांबू या, कारण हा भाग नीट समजला तर निम्मी दुरुस्ती घरी होते. चार सिलिंडरच्या इंजिनात डेल्कोचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि प्रत्येक फेरीत पॉइंट चार वेळा उघडतात. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर सतत घासून झिजते, टाच झिजली की पॉइंटमधले अंतर कमी होते, अंतर कमी झाले की ते उशिरा उघडतात, आणि पॉइंट उघडतात त्या क्षणीच ठिणगी पडत असल्यामुळे टायमिंग मागे जाते. म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग, हा क्रम. उलट केले तर दुसरे काम पुन्हा करावे लागते. टोच्याने कॅमवर लावलेला ग्रीसचा बारीकसा थेंब टाचेचे आयुष्य पुष्कळ वाढवतो. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर बसते.

अंतर साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा आपल्या डेल्कोच्या बनावटीप्रमाणे पुस्तिकेतून घ्यावा. पण नुसत्या फीलर गेजवर, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्टीवर, विसंबू नये. वापरलेल्या पॉइंटच्या एका तोंडावर बारीक उंचवटा वाढलेला असतो आणि समोरच्या तोंडावर तेवढाच खड्डा पडलेला असतो. गेजची सपाट पट्टी त्या उंचवट्यावर टेकते आणि खरे अंतर तिच्या जाडीपेक्षा जास्त असूनही बरोबर वाटते. अशा वेळी तोंडे बारीक कानशीने सपाट करून मग मोजावे, किंवा पॉइंट बदलावेत. उंचवटा लवकर आणि ठळक वाढत असेल, तर कंडेन्सर योग्य मापाचा नाही असे समजावे, तो ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असावा आणि हल्लीच्या बऱ्याच मल्टिमीटरवर ते मोजता येते. मोजून झाल्यावर गेजचे तेल पॉइंटवर राहते, ते पुसायला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी उत्तम. ती पॉइंटमध्ये धरून एक-दोनदा ओढली की पुरे. पत्रिका सोनेरी वर्खाची मात्र नको.

टॅपेटविषयी, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या भागांविषयी, एक गैरसमज आहे. टॅपेट वाजू लागले की मालक काळजीत पडतो आणि आवाज थांबला की निश्चिंत होतो. खरे म्हणजे काळजीची वेळ दुसरी आहे. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून लागू झाले. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडीवर, बसून तिचे रक्षण करी. तो थर गेल्यावर जुन्या, मऊ सीट हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, वर सरकत जातो आणि टॅपेटमधली फट आपोआप मिटत जाते. आवाज त्यामुळेच थांबतो. फट पूर्ण मिटली की व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. म्हणून दर वेळी सेटिंग करण्याआधी आठही फटी जशा आहेत तशा मोजून लिहाव्यात. एकाच एक्झॉस्टची फट दर वेळी घटलेली दिसली, तर हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवण्याची वेळ आली आहे हे वही आधीच सांगते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असल्यामुळे चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असताना पहिल्याचे टॅपेट मोजावेत, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचेही तसेच.

आता इथेनॉलविषयी, कारण हल्ली प्रत्येक जण तेच विचारतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पद्मिनी तयार झाली तेव्हा तिच्या नळ्यांचे आणि पंपाच्या पडद्याचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते; ते फुगते, मऊ पडते, नंतर तडकते. इंजिनच्या गरम भागाजवळ तडकलेली पेट्रोलची नळी म्हणजे आगीला आमंत्रण आहे, तेव्हा सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घेऊन एकदाच बदलाव्यात. इथे अंदाज नको आणि काटकसरही नको. जुन्या साठ्यातला न वापरलेला भाग मिळाला की आपण हरखून जातो. तो धातूचा असेल तर जरूर घ्यावा, पण पंचवीस वर्षे डब्यात पडलेले रबर कोरे असले तरी मेलेलेच असते. इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि राळही सुटी करते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर आणि कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) वारंवार साफ करावे लागतात. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर या मिश्रणाला साधारण १३.५. जुन्या जेटवर गाडी त्यामुळे थोडी उपाशी चालते आणि अधिक तापते. प्लगचे टोक तपकिरी न दिसता पांढरट दिसू लागले, तर मुख्य जेट एक माप मोठा घेण्याचा विचार करावा. मात्र त्याआधी कार्बोरेटरच्या बुडाची पॅकिंग हवा ओढत नाही ना, हे पाहावे. पांढऱ्या प्लगचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

पावसाळ्याचे काम थोडक्यात सांगतो. मेअखेरीस दारांच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, रबरी मॅट उचलून खालचा पत्रा पाहावा, डेल्कोचे टोपण आतून कोरड्या फडक्याने पुसून त्यात काळी केसासारखी रेघ आहे का ते उजेडात तपासावे. तशी रेघ असेल, तर दमट हवेत वीज तिच्यावरूनच पळते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे जरा अधिक मनावर घ्यावे.

काही कामे घरी होत नाहीत. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा आहे. एकदा जबर तापल्यावर हेड वाकते आणि मग नवीन गॅस्केट कितीही बसवली तरी टिकत नाही. हेड सोडवणे, सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून त्याचा वाक मोजणे, परत बसवताना मधल्या नटांपासून बाहेरच्या नटांकडे टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळणे, हे घरी करता येते. हेड घासून सपाट करणे, सीट बसवणे, ब्रेकचे ड्रम लेथवर लावणे ही मशीन शॉपची कामे आहेत, आणि त्या बाबतीत ठाणेकर नशीबवान आहेत. एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत १९६०च्या दशकात आपल्या वागळे इस्टेटमध्येच उभी राहिली आणि तिथे अजून कसबी लेथवाले आहेत. नवी मुंबईकरांना रबाळे, महापे, तुर्भे इथे तेच मिळते. लेथवाल्याकडे जाताना ‘हेड घासून द्या’ एवढेच म्हणू नये, तर ‘अमुक ठिकाणी इतका वाक आहे, तेवढेच घ्या’ असे कागदावर लिहून न्यावे. जास्त घासलेले हेड परत वाढत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, ब्रेकचे काम घरी करावे का. माझे उत्तर असे आहे की, तपासणी अवश्य करावी, आणि दुरुस्ती पहिल्यांदा तरी जाणकार माणूस शेजारी उभा करूनच करावी. या पिढीच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑईलचे एकच सर्किट असते. एका चाकाचे व्हील सिलिंडर गळले की चारही ब्रेक जातात. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या ऑईलचा तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि आपल्या हवेत ते दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये. गाडी उचलल्यावर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नये, खाली घोडे (भक्कम स्टँड) लावावेत आणि उरलेल्या चाकांना ठोकळे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला धरून बसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, आणि पुन्हा बाहेर काढताना आवारातच दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा.