शेवटच्या ओळीतलं नाव

(ऐरोलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, लोककवी वामनदादा कर्डक म्हटलं की आधी बाबासाहेब आठवतात, आणि ते बरोबरच आहे. दादांनी पहिलं गाणं १९४३ साली रचलं, तेही सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. पुढे जन्मभर गायले ते मात्र भीमाचंच. पण मला आज त्याच्याही आधीच्या एका पत्राबद्दल बोलायचंय.

दादा मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. शाळेशी गाठ नाही. मुंबईत मिळेल ते काम केलं. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना कुणीतरी पत्र पुढे केलं, जरा वाचून दाखव म्हणून. आणि दादांना अक्षरओळखच नव्हती! ती लाज मनाला लागली. मग देहलवी मास्तरांकडे मुळाक्षरं गिरवली आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत सुटले. आपण ठाणे स्टेशनला उतरून जांभळी नाक्याकडे जातो, किती पाट्या वाचतो? दादा एखाद्या जोडाक्षरापाशी अडून दुकानासमोर उभे आहेत आणि आतला शेठ गिऱ्हाईक समजून "या, या" म्हणतोय, असं चित्र मी आपलं मनाशी रंगवतो.

या माणसाने भाषा आधी कानाने कमावली, आणि समोर बसलेल्यांतही अंगठेबहाद्दर पुष्कळ. त्यामुळे चाल ओळखीची हवी, कव्वालीची नाहीतर सिनेमाची. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की लोकांनी उचललं पाहिजे. पहिला गीतसंग्रह 'वाटचाल' निघाला १९७३ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. गाणी तोवर गावोगाव पोचली होती.

आणि शेवटच्या कडव्यात 'वामन'. अभंगात 'तुका म्हणे' येतं, गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, शायराचं नाव येतं, तसंच.

माझी आजी इथेच दिघ्याच्या दगडखाणीत कामाला होती. सही म्हणजे अंगठा. घरात एक कॅसेट होती. वेष्टनावर गायकाचा हा एवढा फोटो, पण गीतकाराचं नाव कुठेच नाही. मी उलटसुलट करून शोधत होतो, तर ती म्हणाली, "आरं, कागदावर काय बघतो? शेवटाला येतंय, ऐक."

पुढे मी दुसरी एक कॅसेट आणली. त्या गायकाने 'वामन' काढून तिथे स्वतःचं नाव घातलं होतं. नाव पाच मात्रांचं, जागा चारची. आजी भाकरी थापत होती. मात्रा हा शब्दही तिने कधी ऐकला नसेल. पण त्या ओळीला तिचा हात थांबला.

"हितं ठेच लागली बघ त्याला," ती म्हणाली. "काढ ती. आपली लाव."